एकही चूक नाही

काजल,

नाल्याचं पाणी आज सकाळपासून उलटं वाहतंय.

ही खूण तुझीच. "नदीकडं बघू नगा, आज्जी. नदी लबाड असती, वरनं गप दिसती. नाल्याकडं बघा. नाला म्हागारी फिरला की समजायचं, नदीनं त्याला दारातनं हाकलला." शाहूपुरीतल्या आपल्या रेडिओच्या खोलीतून नाला दिसतो. काल विसर्जन झालं. कुणाच्या तरी मखराचा थर्माकोलचा खांब नदीकडून गावात येतोय. त्याला घाई नाही. पत्ता विचारत विचारत येणाऱ्या पावण्यासारखा येतोय.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. मी तुझ्या खुर्चीत, तुझ्या माइकसमोर बसून माझ्या लाल पेननं तुला लिहितेय. दुसरं पेन इथं नाही. हसू येत असेल तुला. येऊ दे.

आज आमची क्षमावाणी. दशलक्षण पर्व संपलं की आम्ही जैन माणसं एकमेकांची माफी मागतो, वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर. पूर्वी घरोघर जायचो, आता फोनवर उरकतो. गेल्या वर्षी तू विचारलं होतंस, "समद्यांची मागता? मग येकच दिस कसा पुरतोय?" सकाळी मी विहिणीला फोन केला, दोन्ही जावांना केला, खोबरं कुबट दिलं म्हणून ज्याच्याशी भांडले त्या दुकानदारालाही केला. मग फोनमध्ये तुझं नाव आलं. बोट थांबायला हवं होतं. थांबलं नाही.

तुझ्या आईनं उचलला.

"कोन?"

"मी, रेडिओवरची आज्जी."

"काजल न्हाय वं घरात," ती म्हणाली. सवयीनं गेलं तिच्या तोंडातून. मागं लोखंडावर घण पडत होता, तेवढाच आवाज.

"माफी मागायला केला होता," मी म्हणाले. "आमच्यात आज रीत असते."

"कशापायी माफी? तुमीच तर पोरीला बोलाय शिकवलासा."

"असंच. रीत आहे," म्हणून मी फोन ठेवला. तीस वर्षं वर्गात दुसऱ्यांना 'खरं बोला' म्हणून छड्या मारल्या आणि स्वतःची वेळ आली तेव्हा तोंडात गुळणी धरली. ते खरं तुला तरी सांगून टाकते.

फोन ठेवते न ठेवते तोच मेहजबीनचा आला. तू असताना ती फक्त यंत्राची बटणं सांभाळायची, आता सगळंच सांभाळते. "आज्जी, राधानगरीचं दरवाजं उघडलं. लवकर या." धरण आधीच तुडुंब होतं. ते दरवाजे आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. वरचं पाणी आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो ते तुझ्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल.

आले तर खोलीत मुंग्या. लाल मुंग्यांची रांग खालच्या गुळाच्या गोदामातून जिन्यानं वर, भिंतीवर आणि तिथून आपल्या त्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये. प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. तुला आठवतं ना? आवाज घुमू नये म्हणून भिंतभर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले बघून मी पहिल्या दिवशी दारातच उभी राहिले होते. "मी जैनाची बाई, यात बसायची नाही." तू म्हणालीस, "रिकामं हाईत की वो, आज्जी. अंडी आमी खाल्ली, तुमी नुसती हवा खावा." आता त्या ट्रेत खरीच अंडी आलीत. मला त्या झाडताही येत नाहीत. बिऱ्हाड घेऊन वरच्या मजल्यावर निघालेल्यांना कोणत्या तोंडानं हाकलू? त्यांना कुणी माइकवरून सांगितलेलंही नाही. त्यांचं त्यांना कळलंय.

मला इथं धाडलं ते माझ्या सुनेनं. घरात बसून सगळ्यांच्या बोलण्यातल्या चुका काढते म्हणून. "सासूबाई, तिथं वस्त्यांमधली पोरं रेडिओ चालवतात, त्यांना तुमची फार गरज आहे," असं म्हणाली. मला वाटलं, केवढा मान! ती त्या दिवशी दुपारी चार तास निवांत झोपली, हे मला नंतर कळलं.

तर मी आले आणि पहिलीच गाठ तुझ्याशी. कसबा बावड्याच्या कडेला नदीजवळ तुमची घिसाड्यांची वस्ती. तू जन्मापासून भात्याच्या धुरात वाढलेली, म्हणून आवाज खरखरीत, तापल्या लोखंडावर पाणी टाकल्यासारखा. "भात्याम्होरं जन्मलो म्हणून काजल," अशी ओळख करून दिलीस. मी लगेच लाल पेन काढलं.

"जन्मलो नाही, जन्मले. तू मुलगी आहेस."

"कोल्हापुरात पोरी जन्मतात वो, पर त्या जन्मलोच म्हंत्यात. तुमी कुटल्या?"

"इथलीच."

"मग तुमाला कुनी बिघडिवलं?"

मेहजबीन टेबलाखाली तोंड घालून हसत होती. मी मात्र तुला लगेच 'पाणी' शब्द दहा वेळा म्हणायला लावला. ण, न नव्हे. तू दहा वेळा 'पानी' म्हणालीस आणि वर मला समजावलंस, "आज्जी, पानी प्यायचं असतंय. पाणी लिवायचं असतंय." शाळेत मला पोरं पाठीमागं 'णबाई' म्हणायची. तू तोंडावर म्हणायला लागलीस.

मला कुणी बिघडवलं ते मग तुला एकदा सांगितलं होतं. आज परत सांगते, कारण आजच्या सगळ्याचं मूळ तिथं आहे. मी वीस वर्षांची असताना एका रेडिओ केंद्रावर निवेदिकेच्या परीक्षेला गेले होते. काय तो थाट! आईची जरीची साडी, दोन वेण्या आणि रेडिओवर दिसत नाही हे ठाऊक असूनही गालावर पावडर. आरशात बघून मला वाटलं, उद्यापासून सगळा महाराष्ट्र माझ्या आवाजावर उठणार. आत एक चष्मेवाले साहेब होते. मी माइकपुढं उभी राहून ठणकावलं, "नमस्कार. मी आता हवामान वाचतो."

साहेब म्हणाले, "कोण वाचतो?"

मी म्हणाले, "मीच की."

संपलं. ते सभ्य होते, हसले नाहीत. शेतकऱ्यांच्या नाटुकल्यात म्हातारीचं काम असलं तर कळवू, एवढंच म्हणाले. मी घरी आले आणि माझ्यातलं सगळं 'हाय-न्हाय-वाचतो-जातो' उपटून काढलं. महिनाभर गोठ्यात म्हशीशी पुस्तकी बोलायचे. "बाईसाहेब, आपण जरा सरकता का?" म्हैस जागची हलायची नाही. शेवटी अव्वा, म्हणजे माझी आई, लांबून ओरडायची, "हो तिकडं!" आणि म्हैस सरकायची. तेव्हाच मला शहाणपण यायला हरकत नव्हती. पण वीस वर्षांची ती टवळी! तिनं निष्कर्ष काय काढला, तर म्हशीला मराठी येत नाही.

तू हे ऐकून इतकी हसलीस की खोकला लागला. मग खोकता खोकता म्हणालीस, "म्हंजे आज्जी, तुमाला त्येंनी भायेर काडलं म्हणून तुमी आमाला आत घेऊन भायेर काडताय."

मी तुला चहा करायला पाठवलं.

तुझा कार्यक्रम मला खटकायचा आणि एकही चुकवायची नाही मी. 'ऐका की' हे नावच मुळी अर्धवट वाटायचं. ऐका की काय? पण त्यात तू बापाला बसवलंस तो दिवस आठवतो. आयुष्यभर विळे-कोयते घडवलेला माणूस माइकपुढं हात बांधून बसला आणि बोलेचना. तू म्हणालीस, "बोला की, आबा." तो म्हणाला, "काय बोलू? आजवर पोलीस सोडून कुनी कायबी इचारलं न्हाय." मी लाल पेन खाली ठेवलं ते त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी परत उचललं. ठेवलेलंच असतं तर आज तू या खुर्चीत असतीस.

आता ते सांगते.

जुलैच्या शेवटाला नाला असाच फिरला होता. सकाळी तू आलीस, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, हातात वहीचं पान. पानावर तुझं निवेदन. ते मला पाठ आहे. "ऐका की. मी काजल बोलतो. पानी आलंय. येनार न्हाय, आलंय. भांडी ऱ्हाऊ द्या, भाता ऱ्हाऊ द्या. म्हातारी मानसं उचला, पोरं उचला, शाळेकडं चला. मी वाट बगतो."

आणि मी म्हणाले, "हे असं वाचायचं नाही."

"का?"

"घबराट होते लोकांत. पुराची सूचना आहे ही, गप्पा नाहीत. सगळं शहर ऐकतंय." मग मी तुझ्या पानावर लाल रेघ मारली आणि खाली माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: "पंचगंगा नदीने इशारा पातळी ओलांडली असून, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे व सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, असे आवाहन करण्यात येत आहे."

तू वाचलंस. "आज्जी, इशारा म्हंजे पोरगं पोरीला करतंय त्यो."

"काजल, चेष्टा नको."

"बरं. आन् नागरिक कोन? आमच्या वस्तीत न्हाय कुनी त्या नावाचं."

मी तुझ्याकडे तसं बघितलं. ते वर्गातलं बघणं. पान घेतलंस, घसा साफ केलास आणि वाचलंस. काय वाचलंस गं! 'करण्यात'मधला ण, 'स्थळी'तला ळ, 'येत आहे'मधला तो स्वच्छ ह. खरखर सुद्धा नाहीशी झाली, कुठून गिळलीस कोण जाणे. लाल दिवा विझला तेव्हा मी टाळी वाजवली. म्हणाले, "शाबास. आज पहिल्यांदाच एकही चूक नाही."

तू हसलीस. दर पंधरा मिनिटांनी ते लागत राहिलं. वस्तीतून एक माणूस हलला नाही.

का हलला नाही ते मला तुझ्या आईनं दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, सहज. "रेडिओ चालूच हुता वो. कुनीतरी शिकल्याली बाई बोलत हुती, शेरातल्या लोकास्नी कायतरी सांगत हुती. आमी म्हटलं, आपली काजल अजून बोलली न्हाय, म्हंजे पानी अजून लांब हाय. आमी तिचीच वाट बगत बसलो."

तुझ्या आईनं तुझा आवाज ओळखला नाही, काजल. माझ्या एकाही चूक नसलेल्या मराठीत तू इतकी चांगली लपलीस की जन्म दिलेल्या बाईला सापडली नाहीस.

तू मात्र त्या दिवशी इथून वस्तीत फोन लावत होतीस आणि तिकडून 'पानी हाय, पर तू सांगितलं न्हाईस की' असं ऐकून तुझा चेहरा उतरत गेला. चप्पल काढून हातात घेतलीस आणि गेलीस. कमरेएवढ्या पाण्यातून दार दार वाजवलंस. चालता न येणाऱ्या हिराबाईला पाठीवर घेतलंस. सगळे बाहेर आले, एकूण एक. तेवढ्यात पाण्याखालचा कसला तरी लोखंडी तुकडा तुझ्या पायात घुसला. तुमच्याच वस्तीत घडवलेला असेल. तू हळद लावलीस आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर हजर झालीस. मी विचारलं, पाय का ओढतेस? तू म्हणालीस, "इशारा पातळी वलांडली, आज्जी."

मी हसले. त्या वाक्यावर मी हसले होते.

मग ताप आला. पुराच्या पाण्यातून, जखमेतून येतो तो. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मी शुद्धलेखन विचारलं. असली बाई मी. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. शेवटच्या भेटीत मी तुझ्या उशाशी बसले होते, तू डोळे न उघडताच विचारलंस, "आज्जी, त्या दिसाला येकबी चूक न्हवती न्हवं?"

मी म्हणाले, "नव्हती."

तेवढंच झालं आपलं बोलणं. मी रोज ते वाक्य उलटसुलट करून बघते. टोमणा होता? होता असावा, तू कधी सोडलंस मला? की खरंच शाबासकी हवी होती, परत एकदा? तापात पोरं मागतात तशी. टोमणा असता तर मला सोसलं असतं. दुसरं असेल तर सोसत नाही. मला 'चूक होती, आणि ती माझी होती' म्हणायचं होतं. तेवढ्यात नर्स आली, भेटीची वेळ संपली म्हणाली, आणि मी शिस्तीची बाई, उठले.

थर्माकोलचा तो खांब आता खिडकीखालून पुढं गेलाय. त्याच्यामागून एक प्लॅस्टिकची खुर्ची येतेय, चारी पाय वर. रस्त्यावरची वाहनं कमी झालीत. पाण्याचा तो वास यायला लागलाय, पत्र्याचा डबा बऱ्याच दिवसांनी उघडल्यासारखा. समोरच्या गोदामातली माणसं गुळाच्या ढेपा वरच्या फळीवर रचतायत. कुणीच काही बोलत नाही. मला ही शांतता ओळखीची आहे. जुलैत हिला मी 'घबराट नाही' असं समजले होते.

मघाशी मेहजबीननं विचारलं, "आज्जी, काजलचं जुलैचं रेकॉर्डिंग हाय. लावू का? एकदम क्लिअर हाय."

हाच तो क्षण होता गं. तुझा आवाज माझ्याजवळ आहे, आणि त्यात तू नाहीस. ते लावलं असतं तर तुझ्या मेलेल्या तोंडात मी दुसऱ्यांदा माझी वाक्यं घातली असती. आणि तिकडं तुझी आई, तुझे आबा, हिराबाई, भाता चालू ठेवून परत वाट बघत बसले असते.

"नको," मी म्हणाले. "पुसू नकोस. पण लावूही नको."

"मग कोण बोलणार? मी?"

"तुला मशीन बघायचंय. सरक."

तुझं पान माझ्या पाकिटात आहे. जुलैपासून तिथंच आहे. लाल रेघेखालचं सगळं वाचता येतं. तेवढी तरी रेघ बारीक मारली होती मी. मेहजबीननं बटण दाबलं, लाल दिवा लागला. आणि माझं तोंड उघडेना. पंचावन्न वर्षं कुलूप लावलेल्या खोलीची किल्ली सापडावी, पण कुलूपच गंजलेलं असावं, तसा घसा झाला. समोर ते चष्मेवाले साहेब बसलेत असं वाटलं. 'कोण वाचतो?' पावडर लावलेली ती टवळी माझ्या आत उभी राहून हात जोडत होती, बाई, नको, परत हसतील.

मी तिला म्हटलं, हो तिकडं.

"ऐका की. काजल न्हाय, मी णबाई बोलतो. काजलच्या रेडिओवरनं बोलतो. जुलैत तुमास्नी जी शिकल्याली बाई ऐकू आली ती काजलच हुती. तिच्या तोंडात शब्द माजं हुतं. चूक माजी हुती. आता ऐका. पानी आलंय. येनार न्हाय, आलंय. भांडी ऱ्हाऊ द्या, भाता ऱ्हाऊ द्या. हिराबाईला उचला, पोरं उचला, शाळेकडं चला. मी वाट बगतो."

दिवा विझला. मेहजबीन माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "काय बघतेस? परत पंधरा मिनिटांनी." आणि तुला हे लिहायला बसले, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

तिसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा फोन वाजला. तुझं नाव. मी उचलला. तुझ्या आईचा आवाज, मागं पोरांचा गलका, कुणीतरी पत्रा ओढतंय.

ती माफीबद्दल काही बोलली नाही. शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. ऐकलं होतं तिनं, सगळं ऐकलं होतं. तिच्या श्वासावरून कळत होतं. मग म्हणाली, "आज्जी, भाता खरंच ठिऊ का? तिच्या आज्ज्याचा हाय त्यो."

"ठेव. हिराबाई कुठाय?"

"पाठीवर हाय माज्या."

"मग चल की, बाई. बोलतीस काय उभी राहून?"

फोन चालूच होता. पाण्यातून पाय ओढत चालल्याचा आवाज येत होता. एक, दोन, एक, दोन. मग तोही बंद झाला. शाळेपर्यंत पोचली की फोन करते म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

खिडकीखालच्या पायऱ्यांपैकी एक आता दिसत नाही. मुंग्या छताला पोचल्या.

मेहजबीन बोट वर करून सांगतेय, वेळ झाली. आजपासून मी घसा साफ करायचं सोडलंय, काजल. खरखर येते ती येऊ दे. दिवा लागला.

ऐका की.